वेठ, वाटा आणि उचल

एसटीचा, बँकांचा किंवा रुग्णालयांचा संप झाला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक वाक्प्रचार हमखास भेटतो. संपकऱ्यांनी जनतेला वेठीस धरले. भाषेच्या अभ्यासकाने या वाक्प्रचारापाशी क्षणभर थांबायला हवे. वेठ म्हणजे मोबदल्याशिवाय आणि इच्छेविरुद्ध करून घेतलेले काम. वेठीस धरणारा खोत असे, जमीनदार असे, सरकारी अंमलदार असे. धरला जाणारा कुळवाडी, गडी, गावकुसाबाहेरचा माणूस असे. पुढे केव्हातरी या शब्दाने बाजू बदलली आणि ज्याने काम करायला नकार दिला तोच वेठीस धरणारा ठरू लागला. शब्दांचे अर्थ पालटतात, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण हा पालट नेमका कोणाच्या सोयीचा झाला, असा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

माणूस एखाद्या कामाला 'हो' म्हणतो तेव्हा तो होकार कितपत त्याचा स्वतःचा असतो? आणि एकदा 'हो' म्हटल्यावर, कामाच्या जागी चालणाऱ्या कारभारात त्याला काही आवाज उरतो का? हे दोन्ही प्रश्न राज्यशास्त्राच्या पुस्तकांत पुष्कळ चर्चिले गेले आहेत. आम्ही ते इथे पालघर जिल्ह्याच्या एका पट्ट्यात ठेवून पाहणार आहोत. पालघर स्थानकाच्या पश्चिमेला सातपाटीचे मच्छीमार बंदर आहे, उत्तरेला बोईसर आणि तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, उत्तरेपासून पूर्वेपर्यंत डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार असा वारल्यांचा डोंगरपट्टा आहे. शेत, बोट आणि कारखाना या तिन्ही कामाच्या जागा इथे एकमेकींना लागून आहेत, आणि पुष्कळदा एकाच कुटुंबातली माणसे या तिन्ही ठिकाणी राबतात.

या पट्ट्याच्या इतिहासातली सर्वांना ठाऊक असलेली तारीख म्हणजे १४ ऑगस्ट १९४२. 'चले जाव'च्या त्या मोर्च्यावर पालघरमध्ये गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांत सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे होते. आमच्यावर आमच्या संमतीशिवाय कोणी राज्य करू नये, एवढीच त्या मोर्च्यामागची मागणी होती. दुसरी तारीख त्या मानाने कमी ठाऊक आहे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तिथेही पाच जण मारले गेले. त्यांची मागणीही मुळात तीच होती, फक्त ती राज्याविषयी नव्हती, कामाविषयी होती. आमच्या संमतीशिवाय आमच्याकडून कोणी काम करून घेऊ नये. पहिली घटना आपण स्वातंत्र्याच्या इतिहासात वाचतो आणि दुसरी 'कामगार-शेतकरी चळवळ' या वेगळ्या प्रकरणात. ही विभागणी आपण इतकी गृहीत धरली आहे की तिच्यामागे एक मत दडलेले आहे, हे ध्यानातही येत नाही. लोकशाही ही सरकारपुरती गोष्ट आहे आणि मालक-मजुराचा व्यवहार हा दोघांमधला खाजगी करार आहे, असे ते मत.

हा 'खाजगी करार' तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात कसा होता, हे गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण त्यातल्या वेठीपेक्षाही होकाराच्या प्रश्नासाठी अधिक बोलकी प्रथा म्हणजे लग्नगडीची. वेठ उघड सक्तीची होती. कुळाने अमुक दिवस धन्याच्या शेतावर राबायचे, न राबल्यास मार खायचा. लग्नगडीची गोष्ट तशी नाही. वारली तरुणाला लग्नासाठी पैसे लागत. ते तो जमीनदाराकडून कर्जाऊ घेई आणि त्याच्या फेडीपोटी धन्याकडे राबू लागे. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. हिशेब धन्याच्या वहीत, वही धन्याच्या घरात आणि अक्षरओळख धन्यालाच. कर्ज फिटण्याचा दिवस बहुधा उजाडत नसे. सिमिंग्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला दिलेल्या अहवालातही या प्रथेची नोंद आहे.

कागदावर पाहिले तर इथे सक्ती कुठेच दिसत नाही. तरुण आपल्या पायांनी चालत गेला, त्याने पैसे मागितले, त्याला ते मिळाले, बदल्यात त्याने श्रम देऊ केले. कराराची सगळी लक्षणे हजर आहेत. सुटलेली गोष्ट एकच : त्या दिवशी त्याला 'नाही' म्हणण्याची काही सोय होती का? आणि आज म्हटलेले 'हो' त्याला पुढच्या वर्षी मागे घेता येणार होते का? त्याच्या बायकोला तर कोणी विचारलेच नव्हते. नवऱ्याच्या होकारात तिचा होकार आपोआप धरला गेला, आणि त्या आपोआप धरलेल्या होकाराच्या आडोशाने तिच्यावर जे अत्याचार झाले त्यांची वर्णने वाचताना आजही मन थिजते. संमतीच्या चर्चेत 'कोणाची संमती' हा प्रश्न विसरला जातो, तो असा.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली. काही हजार लोक आले. वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राहायचे नाही, बारा आणे रोजाखेरीज जमीनदाराच्या शेतावर कामाला जायचे नाही, असे ठरले. पुढच्या काही आठवड्यांत गावोगाव लग्नगडी मोकळे झाले. मग पावसाळा सरला आणि गवतकापणीचा हंगाम आला. हे गवत मुंबईच्या बाजारात जाई आणि त्यावर जमीनदार व व्यापारी चांगले पैसे कमावत. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळाल्याशिवाय हात लावायचा नाही, असे वारल्यांनी जाहीर केले. तलवाड्याचा गोळीबार या संपाच्या काळात झाला.

हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. वेठ नाकारणे हा नकार होता. गवताचा दर मागणे हा मात्र होकार होता, कदाचित त्या डोंगरपट्ट्यातला कामाला दिलेला पहिला खरा होकार. आम्ही काम करू, पण या अटीवर, असे म्हणता येण्यासाठी आधी 'आम्ही करणार नाही' असे म्हणता यावे लागते. झरीनंतर ते म्हणता येऊ लागले होते. आणि ते एकेकट्याला म्हणता आले नाही, हेही विसरता कामा नये. एकटा गडी धन्याच्या ओट्यासमोर उभा राहून 'नाही' म्हणाला असता तर त्याचे काय झाले असते, हे सांगायला नको. नकाराची शक्ती माणसांनी एकत्र येऊन मिळवली आणि तीमधून प्रत्येकाच्या वैयक्तिक होकाराला अर्थ आला. उदारमतवादी विचारात व्यक्तीची संमती आधी आणि समूह नंतर असा क्रम लावतात. झरीला तो नेमका उलट लागला.

हाच मुद्दा विधिमंडळाच्या भाषेत सात वर्षे आधी मांडला गेला होता. १९३८ साली मुंबई विधानसभेत औद्योगिक कलह विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला विरोध करताना असा युक्तिवाद केला, की संपाला शिक्षा ठेवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध सेवा करायला लावणे होय, आणि त्यालाच गुलामगिरी म्हणतात. त्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. पुढे १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी हा विचार आणखी खोलात नेला. राज्याने हात काढून घेतले म्हणजे स्वातंत्र्य आले, हे त्यांना मान्य नव्हते. ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यापुढे कमी मजुरीचे, जास्त तासांचे, संघटनेला बंदी असलेले काम ठेवले तर तो उपाशी राहण्याऐवजी ते पत्करेल. त्याचे मूलभूत हक्क कागदावर शाबूत राहतील आणि त्याच्यावर राज्य मात्र मालकाचे चालेल. अमेरिकी तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँडरसन यांचे २०१७ सालचे 'प्रायव्हेट गव्हर्नमेंट' हे पुस्तक कामाच्या जागेला एक खाजगी शासनसंस्था म्हणून पाहते, आणि त्याची इंग्रजी जगात बरीच चर्चा झाली. मराठी वाचकाला ती वाचताना परिचयाचे काही भेटल्यासारखे वाटले तर नवल नाही.

आता डोंगर उतरून सातपाटीला येऊ. इथे प्रश्न वेगळे रूप घेतो. बोटीवर लोकशाही कशी चालावी? वादळ उठले असताना तांडेलाने मतदान घ्यावे काय? लोकशाहीवरचा हा आक्षेप प्लेटोइतका जुना आहे. आपल्या 'रिपब्लिक'मध्ये त्याने राज्याला जहाजाची उपमा दिली आणि सुकाणूसाठी भांडणाऱ्या अडाणी खलाशांचे चित्र रंगवून लोकशाहीची खिल्ली उडवली. पण प्लेटोने जहाज किनाऱ्याला लागल्यावर काय होते, ते सांगितले नाही. किनाऱ्यावरच्या मासेमारीत पिढ्यान्‌पिढ्या वाट्याची पद्धत चालत आली आहे. मिळालेल्या मासळीतून खर्च वजा जाऊन बोटीचा वाटा, जाळ्यांचा वाटा आणि माणसांचे वाटे पडतात. समुद्रात तांडेलाचा शब्द अखेरचा असतो, कारण त्याला पाणी कळते. पण त्याला पाणी कळते की नाही हे त्याच्याबरोबर जाणाऱ्यांना कळत असते. आणि वाटा पाडायचा म्हणजे मासळी किती आली, काय भावाने गेली, हे सगळ्यांना ठाऊक असावे लागते. आज्ञा देण्याचा अधिकार आणि कोणालाही उत्तर न देण्याचा अधिकार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली बोटीला लागते. दुसरीची बोटीला गरज नसते.

वाट्याच्या पद्धतीला सुवर्णयुगाचा मुलामा देण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे दोन हातांखेरीज काही नाही त्याला एकच वाटा मिळे आणि मासळी नसली तर तोही नाही. तरीही तिच्यात तोटा आणि नफा एकाच हिशेबात होते. १९५०च्या दशकापासून यांत्रिक बोटी आल्या, सातपाटीला मच्छीमारांच्या प्रशिक्षणाचे केंद्र झाले, बर्फ, डिझेल आणि दूरच्या फेऱ्या आल्या. सातपाटीच्या 'सर्वोदय' आणि 'विविध कार्यकारी' या सहकारी संस्थांनी पापलेटच्या व्यापारात मच्छीमाराला व्यापाऱ्यासमोर ताठ उभे केले, हे त्यांचे मोठे काम आहे. एक सभासद, एक मत, हे सहकाराचे तत्त्व. कामाच्या जगात लोकशाही अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना दाखवायला हे उत्तर पुरेसे आहे. परंतु संस्थेचा सभासद असणे आणि सभासदाच्या बोटीवर कामाला असणे यांत फरक आहे. पहिल्याला मत आहे. दुसऱ्याला त्या नात्याने मत नाही. बोट महाग झाली तसा मालक आणि खलाशी यांच्यातला फरक रुंदावत गेला आणि खलाशी म्हणून डोंगरपट्ट्यातून आदिवासी तरुण किनाऱ्यावर येऊ लागले.

याच तरुणांपैकी पुष्कळ जण गुजरातच्या वेरावळ, पोरबंदर, ओखा या बंदरांतल्या बोटींवर जातात. जाण्यापूर्वी घरी काही रक्कम आगाऊ दिली जाते. ती म्हणजे उचल. पावसाळ्यात घरात दाणा नसताना हाती आलेले हे पैसे हंगामभराच्या श्रमांचा होकार आधीच विकत घेतात. लग्नगडीच्या कर्जाशी याची तुलना सरळसोट करता येणार नाही. हंगाम संपतो, माणूस परत येतो, दुसऱ्या वर्षी दुसरी बोट धरू शकतो. पण होकाराचा क्षण पाहिला तर दोन्हींकडे तो भुकेच्या दिवसांत पडतो. आणि समुद्रावर गेल्यानंतर जे घडते ते तर कोणत्याही होकारात बसत नाही. मासळीच्या मागे बोट कुठवर न्यायची हा निर्णय खलाशाचा नसतो. अदृश्य सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानी यंत्रणा बोट पकडतात तेव्हा तांडेल आणि खलाशी सारखेच तुरुंगात जातात. पालघर जिल्ह्यातले कित्येक खलाशी असे कराचीच्या तुरुंगात वर्षे काढून आले आहेत. काही तिथेच वारले. त्यांनी मासेमारीला होकार दिला होता. सीमेपलीकडे जायला त्यांचा होकार कोणी मागितला होता?

कायद्याने या प्रश्नाकडे पाहिलेच नाही, असे मात्र नाही. १९७६ हे साल या दृष्टीने विलक्षण आहे. त्या वर्षी वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला; त्याच वर्षी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कामगारांचा व्यवस्थापनात सहभाग असावा असे सांगणारे कलम '४३-क' मार्गदर्शक तत्त्वांत घातले गेले. तिकडे पश्चिम जर्मनीत त्याच साली दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कामगार-प्रतिनिधींना देणारा कायदा झाला. जर्मनीत तो अमलात आला. आपल्याकडे देशाचीच लोकशाही आणीबाणीने स्थगित केलेली असताना कारखान्यातल्या लोकशाहीचे वचन राज्यघटनेत लिहिले गेले. १९९० साली त्यासाठी राज्यसभेत विधेयक आले, ते कायदा झाले नाही. वेठबिगारीचा कायदा झाल्यावरही याच पट्ट्याच्या दक्षिणेला, वसई तालुक्यात, विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना यांना १९८०च्या दशकात वेठबिगार सोडवण्यासाठी झगडावे लागले.

मग १९८२ आले. दिल्लीत आशियाई खेळांसाठी बांधकामे चालली होती. मजुरांचा किमान रोज नऊ रुपये पंचवीस पैसे होता आणि त्यातला एक रुपया जमादार कापून घेत. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी दिलेल्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी असे म्हटले, की राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमातली सक्ती केवळ दंडुक्याची नसते. भूक आणि गरिबीही सक्ती करतात, आणि किमान वेतनाहून कमी पैशांत कोणी काम पत्करत असेल तर ते सक्तीचे श्रमच मानायला हवेत. होकार दिला गेला आहे एवढ्यावर न थांबता तो कशामुळे दिला गेला, हे न्यायालयाने पाहिले. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपातली एक मुख्य तक्रार अशी होती, की मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे वाटाघाटी करण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे होता, मग कामगारांचा तिच्यावर विश्वास असो वा नसो. आपल्या वतीने कोणी बोलावे हे ठरवण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. संप मोडला, आणि पुढे गिरण्याही संपल्या.

तारापूरच्या वसाहतीतले रसायनांचे आणि औषधांचे कारखाने वाढले ते या काळात आणि त्यानंतर. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली. धोक्याच्या प्रक्रियांची माहिती कामगारांना दिली पाहिजे आणि अशा कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती असली पाहिजे, असे तीत आले. ज्या वायूत आपण श्वास घेणार तो कोणता, हे ठाऊक असल्याशिवाय त्या कामाला दिलेला होकार पुरा होत नाही, हे यामागचे तत्त्व. प्रत्यक्षात कंत्राटदारामार्फत येणारा कामगार आज एका कारखान्यात, उद्या दुसऱ्यात असतो. ११ जानेवारी २०२० रोजी तारापूरच्या एका कारखान्यातील स्फोटात आठ जण दगावले. २१ ऑगस्ट २०२५ रोजी दुसऱ्या एका कारखान्यात वायुगळतीने चार कामगारांचा बळी गेला. अशा प्रत्येक घटनेनंतर नुकसानभरपाई जाहीर होते. त्या जागी काम करणाऱ्यांना यंत्र थांबवा असे म्हणण्याचा अधिकार होता का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

यावर एक सरळ प्रतिवाद आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. कारखाना हे राज्य नव्हे. राज्य सोडून जाता येत नाही, नोकरी सोडता येते. दरवाजा उघडा आहे. भांडवल ज्याने घातले, जोखीम ज्याने घेतली, त्याने निर्णय घ्यावेत. दरवाज्याच्या बाबतीत आमचे म्हणणे एवढेच, की तो उघडा असून उपयोग नाही, बाहेर उभे राहायला जागा हवी. ज्याच्या घरी दोन एकर भातशेती आहे, ज्याच्या गावात रोजगार हमीचे काम वेळेवर निघते, तो मालकाशी वेगळ्या आवाजात बोलतो. जोखमीचे म्हणाल तर स्फोटात आणि कराचीत गेलेली माणसे भांडवलदार नव्हती. शिवाय आपल्या कायद्यातच एक विसंगती आहे. १९९६च्या 'पेसा' कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. म्हणजे तलासरीच्या माणसाला त्याच्या जमिनीविषयी निदान विचारले जाते. तोच माणूस सकाळी बोईसरची गाडी पकडून कारखान्याच्या फाटकातून आत गेला की त्याच्या देहाविषयी त्याला विचारण्याचे कारण उरत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार आता कोणत्याही उद्योगात संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. पूर्वी हे बंधन लोकोपयोगी सेवांपुरते होते. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी संगनमताने रजा घेतली तर तोही संप मानला जातो. या तरतुदींचे समर्थन करताना सुरळीत उत्पादनाचे कारण दिले जाते आणि त्यात तथ्यही असेल. पण झरीच्या परिषदेचा धडा खरा असेल तर कामगाराच्या नकाराची वाट जितकी अरुंद होईल तितका त्याच्या होकाराचा अर्थ उणावत जाईल. होकाराची किंमत नकाराच्या शक्यतेवर ठरते.

मराठीत 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा सद्गुण आहे. आपल्या कथा-कादंबऱ्यांतल्या स्वामिनिष्ठ नोकरांच्या कितीतरी व्यक्तिरेखा या एका वाक्प्रचारावर उभ्या आहेत. मीठ कोणाचे, हे त्या वाक्प्रचारात गृहीत आहे : ज्याने दिले त्याचे. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मिठागरांत उन्हात उभे राहून ज्यांनी मीठ पिकवले त्यांना हा प्रश्न विचारला असता तर उत्तर कदाचित वेगळे आले असते. साहित्याच्या वर्गात निष्ठा, सेवा, चाकरी, धनी हे शब्द शिकवताना त्यांच्याशेजारी लग्नगडी, वाटा, उचल हेही शब्द ठेवावेत, असे आम्हाला वाटते. मग कोणी कोणाला वेठीस धरले, हे ठरवताना विद्यार्थी थोडा थांबेल.